‘शुगर’ हा इंग्रजी शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाण्याकडे आपण ‘साखर’ मागतो, दवाखान्यात ‘शुगर’ तपासतो आणि आरोग्याच्या पुरवणीत ‘रक्तशर्करा’ वाचतो. ही तिन्ही नावं एकाच मुळाची आहेत, फक्त मराठीत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दारांनी शिरली. त्यातलं ‘शुगर’ सर्वांत लांबचा वळसा घेऊन आलं, म्हणून त्याच्याबद्दलचे प्रश्न इथे जास्त आहेत.

इंग्रजी ‘शुगर’ खरंच संस्कृत ‘शर्करा’वरून आला का?

हो. इंग्रजी शब्द संस्कृतातून काढून दाखवणारे जे संदेश मोबाइलवर फिरतात त्यातले बरेचसे निव्वळ उच्चारसाम्यावर उभे असतात. हा त्यातला नाही. इथे प्रत्येक टप्प्याचा लेखी पुरावा आहे आणि प्रत्येक टप्प्यावर शब्दासोबत मालही गेलेला आहे. संस्कृत ‘शर्करा’, प्राकृतात ‘सक्करा’, फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘स्यूक्र’ आणि तिथून तेराव्या शतकात इंग्रजीत. इंग्लंडात सुरुवातीला त्याची स्पेलिंगं जो तो आपल्या मनाने करत होता. आजचं रूप नंतर स्थिरावलं.

मग ‘शर्करा’ म्हणजे मुळात साखरच ना?

नाही. ‘शर्करा’ म्हणजे खडे, रेव, बारीक वाळू. अथर्ववेदात हा शब्द याच अर्थाने येतो, तिथे गोडाचा काही संबंध नाही. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची कला साधली तेव्हा त्या दाण्यांना जुनंच नाव दिलं गेलं, कारण ते दिसायला रेवेसारखे होते. जुना अर्थ मात्र पुसला गेला नाही. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या प्रकरणात ‘शर्करा’ येते ती लघवीवाटे पडणाऱ्या बारीक खड्यांसाठी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात काय काय ठेवावं याची यादी आहे. तिच्यात ऊसरसाचे पदार्थ असे ओळीने येतात: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक. पाकापासून दाण्यांपर्यंतच्या प्रत्येक अवस्थेला त्या काळी वेगळं नाव होतं. जिथे माणसं एखादी वस्तू स्वतः बनवतात तिथेच एवढी नावं लागतात. विकत घेणाऱ्यांना एक पुरतं. युरोपाला पुढे एकच पुरलं.

चिनी आणि जपानी लोकांनाही साखर पाहून रेवच आठवली. चिनीतल्या ‘शा-थांग’मधला ‘शा’ म्हणजे वाळू, आणि तीच दोन अक्षरं जपानीत ‘सातो’ अशी वाचली जातात.

तर मग ‘शुगर’ हा मराठी ‘साखर’वरून आला असं म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. ‘साखर’ आणि ‘शुगर’ ही भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत. ‘शर्करा’चं पाली-प्राकृतात ‘सक्खरा’, ‘सक्करा’ झालं. जोडाक्षरातला ‘र’ गळला, पुढचं व्यंजन दुप्पट झालं. मराठीपर्यंत येताना ते दुप्पट व्यंजन एकेरी झालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ‘स’ लांबला: साखर. ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि त्याचा ‘हात’ झाला तो याच नियमाने. हे सगळं इथल्या इथे घडलं. ‘शुगर’ची वाट प्राकृतातच वेगळी झाली आणि पश्चिमेला गेली.

इंग्रजी शब्द ग्रीक-लॅटिनमधून आला असंही वाचलंय. ते चूक आहे का?

अर्धवट आहे. ही गल्लत फार दिसते आणि ती होण्याजोगीच आहे, कारण आपला शब्द पश्चिमेला एकदा नव्हे, दोनदा गेला.

पहिल्यांदा गेला तो ग्रीकांबरोबर. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतात मधमाश्यांशिवाय मध देणारे वेत पाहिल्याचं लिहून ठेवलं होतं, ते आपल्याला ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या ग्रंथातून कळतं. त्याच्यापाशी वस्तूचं वर्णन होतं, नाव नव्हतं. नाव दिसतं इसवी सनाच्या पहिल्या शतकात. वैद्यकावर लिहिणारा डायोस्कोरिडीस सांगतो की भारतात आणि अरबस्तानात वेतांमध्ये ‘साक्खारोन’ नावाचा गोठलेला मध मिळतो, तो मिठासारखा असतो आणि दातांखाली कुरकुरीत फुटतो. रोमचा प्लिनीही त्याच शतकात जवळपास हेच लिहितो आणि वर पुस्ती जोडतो की याचा उपयोग फक्त औषधात.

त्याच काळातली, एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस’ नावाची बंदरांची माहितीपुस्तिका तर आपल्या अंगणात येते. अरिआके आणि बॅरिगाझा इथून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात ती गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि सुती कापडाबरोबर ‘साक्खारी नावाचा वेताचा मध’ मोजते. बॅरिगाझा म्हणजे भडोच. अरिआके हा प्रदेश अभ्यासक उत्तर कोकण ते गुजरात या पट्ट्यात ठेवतात. तुपाशेजारी साखर अशी ती यादी वाचताना मला तरी दिवाळीच्या किराणा सामानाचीच आठवण होते.

हा ग्रीक शब्द लॅटिनमध्ये ‘साक्खारुम’ झाला आणि पुस्तकांतच राहिला. वस्तू दुर्मीळ, त्यामुळे तिचं नाव बोलीत रुळायला वावच नव्हता. पुढे १७५३मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने उसाला शास्त्रीय नाव दिलं ते याच लॅटिन शब्दावरून, ‘सॅकरम ऑफिसिनेरम’. इंग्रजी ‘शुगर’ या फांदीवरचा नाही. तो दुसऱ्या खेपेचा आहे.

दुसरी खेप कशी गेली?

इराणमार्गे. सासानी म्हणजे अरबांच्या आधीच्या इराणी राजवटीच्या शेवटच्या काळात इराणमध्ये ऊस लावला जात होता, साखरही होत होती आणि तिचं फारसी नाव होतं ‘शकर’. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट हेराक्लियस याच्या सैन्याने ६२७-२८च्या मोहिमेत इराणी बादशहाचा दस्तगिर्दचा राजवाडा लुटला, तेव्हाच्या लुटीत मिरी आणि आल्याबरोबर साखरेचाही उल्लेख आहे. त्यानंतर काही वर्षांतच अरबांनी इराण जिंकलं आणि ‘शकर’चा ‘सुक्कर’ झाला.

खरा पल्ला अरबांनी गाठला. ऊस त्यांनी इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. ऊस पाण्याचा किती भुकेला हे सोलापूर-अहिल्यानगरच्या वाचकांना सांगायला नको. भूमध्य समुद्राभोवतीचे उन्हाळे कोरडे, म्हणून ऊस जिथे गेला तिथे पाट आणि रहाटही गेले. रस गाळणं, उकळणं, शंकूच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांत तो ओतून काकवी निथळू देणं, हे सगळं तंत्र शब्दाबरोबर चाललं होतं. क्रुसेडसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांसाठी, गेलेल्या युरोपीय सरदारांनी सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर उसाचे मळे पाहिले आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी साखर युरोपभर पोचवली.

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२२६मध्ये विंचेस्टरच्या महापौराला अलेक्झांड्रियाची तीन पौंड साखर मिळवायला सांगितलं होतं, जत्रेतल्या व्यापाऱ्यांकडे एका वेळी एवढी मिळाली तर. तीन पौंड म्हणजे दीड किलोलाही थोडी कमी. राजालाही ती मिळण्याची खात्री नव्हती. हा शब्द इंग्रजीत शिरला तो अशा काळात, मसाल्याच्या आणि औषधाच्या फळीवरून.

‘शर्करा’तला ‘श’ इंग्रजीने जपला, हे किती छान, नाही का?

छान आहे, पण खरं नाही. माझ्या मते या शब्दाच्या गोष्टीतला सगळ्यांत फसवा धागा हाच.

संस्कृतातला ‘श’ फारसीत दिसतो, अरबीत मात्र ‘स’ झाला: सुक्कर. अरबीतून तो इटालियन आणि फ्रेंचमध्ये गेला तेव्हा ‘श’ कुठेच उरला नव्हता. इंग्रजांनीही तो ‘स’नेच घेतला आणि ‘स’नेच लिहिला. त्यापुढचा फ्रेंच स्वर आपल्या ‘उ’ आणि ‘ई’ यांच्या मधला होता. इंग्रजी तोंडात त्याचा ‘यू’ झाला. म्हणजे शब्दाचा उच्चार झाला ‘स्यूगर’. ‘स’ आणि ‘य’ घाईने एकत्र उच्चारले की जीभ ‘श’वर जाते. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत तेच झालं. ‘शुअर’ या शब्दाचंही असंच झालं. तोही ‘स’ने लिहितात आणि ‘श’ने बोलतात. ‘टिश्यू’ आणि ‘इश्यू’मध्ये शब्दाच्या पोटात हाच प्रकार घडलेला आहे.

थोडक्यात, आपला ‘श’ वाटेत हरवला आणि इंग्रजीने स्वतःच्या गरजेतून नवा तयार केला. दोन्ही टोकांना ‘श’ आहे हा योगायोग.

आणि ‘क’चा ‘ग’ कसा झाला?

कोशकारांनी याचं पक्कं उत्तर दिलेलं नाही. ‘फ्लॅगन’ या सुरईसारख्या भांड्याच्या नावात मूळ फ्रेंच ‘क’चा असाच ‘ग’ झालेला आहे, म्हणजे प्रकार एकटा नाही. बाकी युरोपात ‘क’ टिकला: जर्मन ‘त्सुकर’, इटालियन ‘झुक्केरो’, फ्रेंच ‘स्यूक्र’.

रशियन भाषेत साखरेला ‘साखर’च म्हणतात, हे खरं का?

खरं आहे, उच्चारही जवळजवळ तोच. रशियनमधला ‘ख’ घशातून घासत येतो एवढाच फरक. रशियात वर्षभर राहून आलेला मराठी विद्यार्थी हे आवर्जून सांगतो.

पण मराठीतून रशियनमध्ये किंवा उलट असं काही गेलेलं नाही. रशियन शब्द आला ग्रीक ‘साक्खारोन’वरून. ग्रीकांनी तो उचलला होता तो ‘सक्खरा’ या बोलीतल्या रूपावरून. पंडितांचं ‘शर्करा’ त्यांच्या कानी पडलंच नसावं, नाहीतर त्यांच्या शब्दात ‘क’च्या आधीचा ‘र’ राहिला असता. आपली ‘साखर’ही त्याच ‘सक्खरा’ची. दोन्ही टोकांनी मूळ ध्वनी फारसे बिघडवले नाहीत म्हणून आज ते इतके जुळतात. शेजारच्या पोलंडने मात्र शब्द जर्मनांकडून घेतला, तिथे ‘त्सुकियेर’.

स्पॅनिशमध्ये पुढे ‘आ’ कुठून आला?

अरबी नामाआधी ‘अल’ हे उपपद लागतं. ‘स’ पुढे आला की त्यातला ‘ल’ विरघळतो आणि ‘अस-सुक्कर’ असा उच्चार होतो. स्पेन-पोर्तुगालमध्ये अरबी शेजारपाजारातून ऐकू येत होती, त्यामुळे लोकांनी उपपदासकट शब्द उचलला: स्पॅनिश ‘असूकार’, पोर्तुगीज ‘असूकर’. इटलीला तो बंदरातून, व्यापारातून मिळाला, बिनउपपदाचा.

हिंदीत ‘चीनी’ म्हणतात. मग साखर चीनची की आपली?

ऊस मुळात या दोघांचाही नाही. त्याची लागवड पहिल्यांदा न्यू गिनी बेटावर झाली. रसाचे दाणे पाडण्याची विद्या मात्र भारतातली, आणि चीनच्या दरबारी इतिहासात नोंद आहे की थांग सम्राट ताइझोंग याने ६४७मध्ये मगधाला माणसं पाठवून साखर करण्याची रीत शिकून घेतली. पुढे चीनमधून येणारी पांढरी, स्वच्छ साखर नावाजली गेली आणि उत्तरेत तिचंच नाव सगळ्या साखरेला लागलं. ‘मिश्री’चंही तसंच: मिस्र म्हणजे इजिप्त. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या नावाने आपलाच माल ओळखावा, असा हा प्रकार.

मराठीने दोन्ही नावं फारशी मनावर घेतली नाहीत. ‘मिश्री’ म्हटलं तर आपल्याकडे दात घासायची जळकी तंबाखू समोर येते, म्हणून हिंदी भाषक पाहुण्याने प्रसादाला ‘मिश्री’ मागितली तर खडीसाखर द्यावी.

‘कँडी’ हा शब्दही आपलाच का?

हो, आणि तो ‘शुगर’चा जुना सोबती आहे. ‘खंड’ म्हणजे तुकडा. कौटिल्याच्या यादीत तो शर्करेच्या शेजारीच बसलेला आहे. फारसी-अरबीत त्याचा ‘कंद’ झाला, त्यावरून अरबी विशेषण ‘कंदी’, तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजी ‘शुगर कँडी’, म्हणजे सरळ सरळ खडीसाखर. नंतर पुढचा ‘शुगर’ गळला. अमेरिकेत आज कुठलीही गोळी-चॉकलेट ‘कँडी’ असते.

क्रीट बेटाच्या ‘कँडिया’ या जुन्या नावावरून हा शब्द आला असं कुठे कुठे छापलेलं असतं, ते बाजूला ठेवावं. कँडिया हे खंदक या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडलेलं नाव आहे.

इंग्रजीत एक दुसरी ‘कँडी’ही आहे आणि तिचा गोडाशी संबंध नाही. ती आपली ‘खंडी’, वीस मणांची. धान्याच्या व्यवहारातून ती मागे पडली, पण रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, बाजारात अजून भाव खंडीवरच निघतो आणि ती खंडी ३५६ किलोंची धरतात. इंग्रजी बाजारवार्तांत तिला ‘कँडी’च लिहितात. त्यामुळे अकोला-यवतमाळच्या कापसाची बातमी एखाद्या अमेरिकन माणसाने वाचली तर त्याला जत्रेतले म्हातारीचे केस आठवायचे.

‘जॅगरी’ म्हणजे गूळ. तो ‘गूळ’वरून आला का?

नाही, तोही ‘शर्करा’वरूनच! मल्याळममध्ये ‘शर्करा’चं एक रूप ‘चक्कर’ असं झालं. पोर्तुगीज मलबार किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांनी ते ‘जागरा’, ‘शागरा’ असं ऐकलं-लिहिलं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत पोचलं. म्हणजे इंग्रजीत ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ या एकाच आजीच्या दोन नाती, एक अरबांच्या उंटावरून आलेली, दुसरी पोर्तुगीज गलबतातून. सुपरमार्केटमध्ये ‘जॅगरी पावडर’ अशा चिठ्ठीखाली कोल्हापुरी गूळ भुकटी होऊन बसलेला असतो. किंमतही तशी वाढलेली असते.

‘गूळ’ स्वतः पूर्वेला गेला. इंडोनेशिया-मलेशियात साखरेला ‘गुला’ म्हणतात, तो संस्कृत ‘गुड’वरून.

ऊस आपल्याकडून गेला, मग ‘ऊस’ हा शब्द का गेला नाही?

कारण शब्द सहसा मालाबरोबर जातो आणि माल होता दाणेदार, कोरडा, टिकाऊ. ओला ऊस महिनोन्महिने प्रवास करत नाही. संस्कृत ‘इक्षु’, प्राकृत ‘उच्छु’, मराठी ‘ऊस’ ही साखळी घरातच राहिली. युरोपने उसाला आपल्या ओळखीचा वेतासाठीचा शब्द लावला. इंग्रजी ‘केन’ तो हाच.

शंकरपाळ्यांचा शंकराशी काही संबंध आहे का?

काहीही नाही. फारसी ‘शकर’ आणि ‘पारा’, म्हणजे तुकडा. शकरपारा म्हणजे साखरेचा तुकडा. मराठी कानाला ‘शकर’ परका वाटला, ‘शंकर’ घरचा होता, म्हणून अनुस्वार चढला. ही लोकव्युत्पत्ती आहे आणि चौकोनी आकार बघून तिला बेलपानाची कथा जोडणारेही भेटतात.

सॅकरीन, सुक्रोज, ग्लुकोज हे सगळे याच घराण्यातले का?

पहिले दोन आहेत. सॅकरीन १८७९मध्ये सापडलं, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत. तिथे डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करणाऱ्या कॉन्स्टँटिन फालबर्गला जेवताना आपल्या हाताला गोड चव लागली आणि शोध लागला. नाव दिलं त्या जुन्या लॅटिन ‘साक्खारुम’वरून, ज्यात साखरेचा कणही नाही त्याला साखरेचं पुस्तकी नाव. ‘सुक्रोज’ हा फ्रेंच ‘स्यूक्र’ला रसायनशास्त्रातलं शेपूट लावून एकोणिसाव्या शतकात घडवलेला शब्द.

ग्लुकोज परका आहे. तो गोड द्राक्षरसाच्या ग्रीक नावावरून आला, शर्करेशी त्याची नुसती शेपटाची सोयरीक.

मराठीत ‘शुगर’ म्हणजे मधुमेह असं कसं झालं?

रक्तातल्या साखरेची तपासणी इंग्रजी नावाने आली, ‘ब्लड शुगर’. त्यातलं ‘शुगर’ लोकांनी उचललं आणि आधी आकड्याला, मग आजारालाच लावलं: ‘बाबांना शुगर आहे’, ‘तपासणीत शुगर निघाली’. गोड पदार्थासाठी शब्द घरात होताच, त्यामुळे बाहेरून आलेल्याला रिकामी जागा मिळाली ती दवाखान्यात. म्हणून ‘साखर वाढली’ म्हणजे बाजारभाव आणि ‘शुगर वाढली’ म्हणजे डॉक्टर. या दोन वाक्यांची अदलाबदल कुणी चुकूनही करत नाही.

‘मधुमेह’ हा शब्द सुश्रुताइतका जुना आहे आणि त्यात साखर नाही, मध आहे. तो फलकांवर आणि शिबिरांच्या पत्रकांत राहिला. ‘शर्करा’ छापील लेखांपुरती उरली. कुणी ‘शुगर’ म्हटलं की लगेच ‘मधुमेह म्हणा’ अशी दुरुस्ती करणारे असतात. मला ती अनाठायी वाटते. बोलणाऱ्याच्या मनात अर्थ स्पष्ट आहे आणि ऐकणाऱ्याच्याही.

मराठीत ‘शुगर’ लिहावं की ‘शूगर’?

‘शुगर’, ऱ्हस्व. इंग्रजी उच्चारातही तो ‘उ’ आखूडच आहे. ‘स्यू’चा ‘शु’ होताना लांबपणा गेला.